पाठमोरे डॉक्टर

डॉक्टर केळुसकरांनी माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते आरशातून. निदान मला तसं वाटलं. पालघरला बिऱ्हाड करून आम्हाला महिनाही झाला नव्हता. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते आणि कुंपणापलीकडे एक उंच, वाळकुडा म्हातारा स्टुलावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. हातात दाढीचा गोल आरसा. आरशात ऊन चमकलं, कवडसा माझ्या पदरावरून सरकला आणि मला जे समजायचं ते मी समजले. मी तेव्हा दिसायला बरी होते, असं माझंच मत होतं. दुसऱ्या कुणी तसं बोलून दाखवल्याचं आठवत नाही. पण बी. ए. झालेली, साताऱ्याची, नवरा तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर, म्हणजे आपण काय चीज आहोत हे पालघरला कळलंच पाहिजे, असा माझा तोरा. एकदोन दिवस कवडसा सोसला आणि मग बरीशी साडी नेसून भांडायला गेले. भांडायला जातानाही बरी साडी. त्या वयात अक्कल अशीच नेसायची असते.

म्हातारा वळला नाही. आरशात बघतच म्हणाला, "वहिनी, जरा बाजूला व्हा. तुमच्यामागची तांबडी दिसत नाहीये."

तांबडी म्हणजे माझी कोंबडी. क्वार्टर्स बांधून व्हायच्या होत्या, तोवर पालघरला भाड्याच्या दोन खोल्या, आणि हे सकाळी बोईसरला गेले की संध्याकाळपर्यंत मला सोबत म्हणून चार कोंबड्या. त्यांना मी मुलींसारखी नावं ठेवली होती.

"ती मरणार," म्हातारा शांतपणे म्हणाला. "उद्यापरवा. तिला वेगळी काढा, म्हणजे बाकीच्या वाचतील. कदाचित."

मी मागे वळून पाहिलं. तांबडी ऐटीत दाणे टिपत होती. शेजारी वेडा निघाला, याचंच वाईट वाटून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडीची मान पिळून ठेवलेल्या पंच्यासारखी वळली होती. चोच आभाळाकडे, डोळे सताड उघडे, जणू वरून कुणी तिला नावाने बोलावत होतं. आणि ती मागे मागे चालत होती. कोंबडी मागे चालताना कुणी पाहिली आहे का? घड्याळाचे काटे उलटे फिरताना बघावं तसं ते दिसतं. कुंपणाला टेकून ती थांबली, तिथेच गोल गोल फिरली आणि पडली. मी काय केलं? भिंतीवर माझं पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं, त्याच्या खिळ्याला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली टांगली. म्हाताऱ्याच्या आरशाचीच दृष्ट लागली, यात मला शंका नव्हती.

तेवढ्यात दाराबाहेर खोकला ऐकू आला. डॉक्टर कधी कडी वाजवत नसत, खोकत. हातात कात्री आणि जुनं वर्तमानपत्र. तांबडीला त्यांनी धुण्याच्या दगडावर ठेवून उघडलं आणि मला जवळ बोलावलं. पोटाच्या अलीकडची छोटी पिशवी उलटून दाखवली. आतल्या बारीक बारीक पुटकुळ्यांच्या टोकांवर रक्ताचे लाल ठिपके होते, कुणी कुंकवाच्या काडीने एकेक टेकवावा तसे.

"रानीखेत," ते म्हणाले. "कोंबड्यांचा साथीचा रोग. करणी नाही. ती लिंबं सरबताला घ्या."

मी पदवीच्या फ्रेमकडे बघायचं टाळलं.

डॉक्टर केळुसकर मूळ गुरांचे डॉक्टर. नोकरीची वर्षं मात्र त्यांनी पाखरांच्या लशी बनवणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्तीनंतर एकटेच पालघरला येऊन राहिले. का आले, बायको कधी गेली, मुलंबाळं होती की नव्हती, हे मी विचारलं नाही असं नाही. अनेकदा विचारलं, पण ते अशा प्रश्नांना आरसा पुसत. गावात त्यांना सगळे 'आरशाचे डॉक्टर' म्हणत. कुणाचा पोपट गुंगला, कुणाच्या कबुतरांच्या चोचीवर खपल्या धरल्या की माणसं पिंजरा घेऊन यायची. डॉक्टर पिंजरा टेबलावर ठेवायचे, त्याच्याकडे पाठ करून स्टुलावर बसायचे आणि आरसा खांद्याच्या उंचीवर धरून गप्प राहायचे. नवख्या माणसाला वाटायचं, डॉक्टर रुसले.

"पक्षी बघणाऱ्याशी खोटं बोलतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "आजारी दिसला तर घार उचलते, हे त्याला जन्मापासून ठाऊक असतं. समोर कुणी आहे तोवर तो ताठ बसणार, दाणे टिपल्याचं नाटक करणार. पाठ फिरवा. मग तो आजारी पडतो."

हाच नियम ते माणसांनाही लावत. एकदा मला म्हणाले, "तुमचे साहेब तुम्ही आत वळलात की थालीपीठ कोंबड्यांना घालतात. पोटाचं दुखणं नाही, मीठ जास्त होतंय." मी तणतणत घरी आले आणि त्या दिवसापासून पाठीला डोळे लावून बसले. थालीपीठ खरोखरच कोंबड्यांकडे जात होतं.

त्यांच्या घरात एक खोली होती, तिच्या खिडकीला डांबराचा कागद लावलेला. भर दुपारी आत गेलं की रात्र. तिथे बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्याला अंड्याच्या बेताचं भोक, आत दिवा. हे त्यांचं मुख्य यंत्र. बाजूला उबदार पेटीत अंडी. आणि दोन थर्मास, एकसारखे. एकात चहा असायचा, दुसऱ्यात मासळीच्या बर्फात ठेवलेली मेलेल्या पाखरांची काळजं नि मेंदू. बर्फ सातपाटीहून यायचा, त्यामुळे वास दोन्हींना बोंबलाचाच. त्यांच्याकडे मी उभ्या जन्मात चहा घेतला नाही.

त्या अंधाऱ्या खोलीतलं काम त्यांनी मला पहिल्यांदा समजावलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. रानीखेतचा व्हायरस साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. मग तो आहे हे ओळखायचं कसं? तर आजारी पाखराच्या घशातला ओलावा मिठाच्या पाण्यात घ्यायचा, पेनिसिलीन घालून इतर जंतू मारायचे, आणि तो थेंब सुईने जिवंत अंड्यात सोडायचा. भोकावर मेण. मग रोज अंडं दिव्यासमोर धरून बघायचं, आतलं पिल्लू आहे की गेलं.

"भूत काय आणि हा काय, दोघं दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "फरक इतकाच, की याला अंड्यात बोलावता येतं."

जिवंत अंडी मी देते म्हटलं. माझ्या उरलेल्या कोंबड्यांची टपोरी अंडी पदरात घालून मोठ्या मानाने नेली. डॉक्टरांनी ती पेटीत उबवली, आठवड्याने दिव्यावर धरली. अंडं पौर्णिमेच्या चंद्रासारखं नितळ. दुसरं, तिसरंही तसंच. डॉक्टरांनी तिन्ही अंडी माझ्या पदरात परत घातली. मग अगदी अदबीने विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे कोंबडा आहे का?"

नव्हता. सकाळी आरवून झोपमोड करतो म्हणून मी घेतलाच नव्हता.

"मग यात कुणी राहायला आलेलंच नाही," ते म्हणाले. आणि मी बी. ए. होते, हे ऐकून इतकी वर्षं माझी नातवंडं हसतात.

जिवंत अंडं कसं दिसतं ते नंतर पाहिलं. बेटेगावहून आणलेलं एक अंडं डॉक्टरांनी भोकावर ठेवलं आणि आतून लाल उजेड फुटला. त्या लालीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा, आणि मध्ये एक काळा ठिपका. तो डोळा होता. तो हलला. वाटलं, कुणीतरी दारातून डोकावून मलाच बघतंय.

"बघ मग," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं मला म्हणाले. ते अंड्याला म्हणत होते. अंड्यातल्या पिल्लांना ते 'भाडेकरू' म्हणत. भाडेकरू मेला की शिरा विरघळायच्या, लाली मळकी व्हायची, ठिपका खाली बसायचा. मग ते अंडं उघडून आतलं पाणी पांढऱ्या बशीत घेत, त्यात निरोगी कोंबडीच्या रक्ताचा थेंब टाकत. बशी हलवली की रक्त नासलेल्या दुधासारखं फाटायचं, बारीक बारीक कणी धरायची. मगच डॉक्टर तोंडातून 'रानीखेत' हा शब्द काढत. त्याआधी नाही. तांबडीच्या वेळीही त्यांनी मला तो शब्द सांगितला खरा, पण तिचा मेंदू बर्फात घालून अंडी मरेपर्यंत स्वतःच्या मनात धरला नव्हता, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

जानकी त्यांच्याकडे आली ती अशा दिवसांत. सातपाटीची मासळीवाली, आमच्या आळीत तिची ठरलेली फेरी. आडवीतिडवी, तोंडाने फटकळ. माझ्या पापलेट निवडण्याच्या पद्धतीवर तिचं कधी समाधान झालं नाही. "वयनी, तो मेलेलाच हाय, नाडी कसली बगतेस," असं चारचौघांत म्हणायची. त्या दिवशी मात्र टोपलीत मासळी नव्हती. जाळ्याच्या तुकड्याखाली पिंजरा होता, पिंजऱ्यात पोपट.

तो पोपट तिच्या मुलाचा. मुलगा वर्षापूर्वी नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच फेरीला समुद्रात गेला. होडी परत आली, तो आला नाही. अंगही मिळालं नाही. पण तो रोज संध्याकाळी बंदरावरून घरी आला की ओटीवरून जी हाक मारायचा, ती पोपटाने उचलली होती. मुलगा गेल्यावरही पोपट ती हाक मारत राहिला, त्याच आवाजात. आणि जानकी दर वेळी उठून दार उघडायची. पोपटच बोलतोय हे माहीत असून उघडायची. का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "आनि एकदाच नाय उघडलं, नि तोच असला तर?"

आता तिच्या आळीतल्या कोंबड्या माना पिळून मरत होत्या. लोकांचं म्हणणं दोन तऱ्हेचं होतं. कुणी म्हणे, पोपटाने रोग आणला. कुणी म्हणे, तो पोपट नाहीच. बुडालेलं पोर घरात येऊ मागतंय, आणि दार उघडून जानकी त्याला रोज आत घेतेय. दोन्ही पक्षांचा निकाल मात्र एकच होता, की पोपटाची मान मुरगळून जाळायचा. जानकी डॉक्टरांकडून एवढंच लिहून न्यायला आली होती, की पोपट चांगला आहे.

पोपट चांगलाच दिसत होता. हिरवागार, ताठ, मान उंच. डॉक्टरांनी पिंजऱ्याकडे पाठ केली, आरसा उचलला. आम्हालाही पाठ करायला लावली. मी त्यांच्या खांद्यावरून आरशात बघत होते. बराच वेळ काही नाही. मग पोपटाला वाटलं असावं की खोलीत कुणी नाही. त्याची मान हळूहळू एका बाजूला कलली. एक पंख थरथरायला लागला, वारा नसताना पान हलावं तसा. एक पाय दांडीवरून सुटून मुठीसारखा आवळला गेला. आणि त्या वाकड्या मानेने, आमच्या पाठीमागून, एका तरण्या पुरुषाचा आवाज म्हणाला,

"आये, दार उघड."

बाहेर टळटळीत ऊन होतं. जानकी उठली आणि सवयीने जाऊन तिने डॉक्टरांचं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. रस्त्यावर गवताची एक गाडी चालली होती. ती तशीच दार धरून थोडा वेळ उभी राहिली, मग लावून घेतलं.

डॉक्टरांनी आरसा पुसला. पोपटाच्या घशात कापूस फिरवून घेतला आणि म्हणाले, आरसा पुरावा नाही. अंडी सांगतील. तोवर पोपट तुझ्या घरी आतल्या खोलीत, वेगळा ठेव.

अंडी बेटेगावच्या एका घरून आली. डॉक्टर आसपासच्या गावांत कोंबड्यांना रानीखेतची लस टोचत हिंडत, पण त्या घरी कधी टोचली नव्हती, म्हणून मुद्दाम तिथली. ऊब जाऊ नये म्हणून डॉक्टर ती फडक्यात गुंडाळून कमरेला, सदऱ्याच्या आत बांधून आणत आणि दिवस भरलेल्या बाईसारखे सांभाळून पावलं टाकत; आळीतली पोरं मागून तशीच चालत यायची. थेंब टोचला, मेण लावलं. आणि भाडेकरू मेले नाहीत. रोज दिव्यावर धरावं, तर शिरा टवटवीत, ठिपका नाचतोय. शेवटी डॉक्टरांनी जानकीला निरोप धाडला की पोपटात रानीखेत सापडला नाही. तिने पापलेटं आणून दिली, एक पैसा घेतला नाही, आणि माझ्याही निवडीला त्या दिवशी नावं ठेवली नाहीत. पिंजरा पुन्हा ओटीवर टांगला गेला. शेजाऱ्यांनी नवी पिल्लं आणली.

खूश नव्हते ते एकटे डॉक्टर. अंधाऱ्या खोलीत बसून म्हणायचे, "आरसा एक सांगतो आणि अंडं दुसरं. दोघांतलं कुणीतरी माझ्याशी खोटं बोलतंय." मी म्हटलं, आरसाच असेल, कारण मला तो नेहमी आहे त्यापेक्षा जाडी दाखवतो. ते हसले नाहीत.

मग सातपाटीची नवी पिल्लंही मागे चालू लागली.

डॉक्टर त्याच दिवशी बेटेगावला गेले. त्या घरातल्या कोंबडीला उचलून तिच्या पायाची बोटं फाकवली. बोटांमधल्या कातडीला एक बारीक गोल भोक होतं. लस टोचलेल्या कोंबडीला ते अशी खूण करत. म्हणजे ही कोंबडी त्यांनीच टोचलेली, पण या घरात नव्हे. घरधनीण म्हणाली, "माजी कुठं हाय ती? अर्धेलीनं हाय." पलीकडच्या वाडीतल्या बाईने ती अर्ध्या वाट्यावर पाळायला दिली होती: पिल्लं झाली की निम्मी हिची, निम्मी तिची. गावोगाव अशा कोंबड्या घरं बदलत असतात. डॉक्टरांनी घरं लक्षात ठेवली होती. कोंबड्यांची सासरं-माहेरं ध्यानात घेतली नव्हती.

टोचलेल्या कोंबडीच्या अंड्यात रानीखेतचं काही चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी वाणगावच्या पलीकडे, डोंगरातल्या एका पाड्यावरून अंडी आणली. तिथे लस म्हणून काही असतं हे कुणी ऐकलं नव्हतं. पोपटाच्या थेंबाचा थोडा भाग अजून मासळीच्या बर्फात होता. या वेळी भाडेकरू लवकर गेले. बशीत रक्त फाटलं. डॉक्टरांनी ती बशी माझ्यापुढे धरली. त्यांचा हात, पोपटाच्या पंखासारखा, किंचित थरथरत होता. मी बघतेय हे लक्षात येताच थांबला.

सातपाटीला ते स्वतः गेले. "चूक मी निरोपाने कळवली, दुरुस्ती तोंडाने सांगायला पाहिजे," म्हणाले. मी मागे लागून बरोबर गेले. धीर द्यायला, असं मी सांगितलं. खरं कारण, मला पुढे काय होतं ते बघायचं होतं. एस. टी.तून उतरलो तर बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीखाली आळीतली माणसं उभी होती. जानकी ओटीवर पिंजरा मांडीशी घेऊन बसली होती, पोर कडेवर घ्यावं तसा.

डॉक्टरांनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आपली अंडी चुकली, का चुकली तेही. कोंबडीला लस दिली की तिच्या अंगात रोगाशी झगडायची ताकद येते, आणि ती ताकद ती आपल्या अंड्याच्या बलकात ठेवते. पिल्लू जन्मायच्या आधीच आईने त्याची राखण करून ठेवलेली असते. म्हणून ती पिल्लं मेली नाहीत, आणि म्हणून मला तुझ्या पोपटातला रोग दिसला नाही.

जानकीने ऐकून घेतलं. समुद्राच्या बाजूला बघत म्हणाली, "कोंबडीला जमलं. मला नाय जमलं."

आळीतला एकजण पुढे झाला, द्या इकडे म्हणाला. डॉक्टर त्याच्या आणि पिंजऱ्याच्या मध्ये उभे राहिले. म्हणाले, मान मुरगळायची नाही. पोपट मी नेतो. बंद खोलीत ठेवीन, रक्तासाठी पाळलेल्या माझ्या सगळ्या कोंबड्या वाटून टाकीन, जगेल तेवढा जगेल. जानकीला म्हणाले, "तुला आत येता येणार नाही. तुझ्या पावलांना लागून रोग परत इथे येईल. पण तुझी फेरी माझ्या खिडकीखालून जाते. आवाजाला कागद आडवा येत नाही."

तिने पिंजरा दिला. देताना पोपटाकडे पाहिलं नाही.

त्यानंतर फेरीच्या दिवशी जानकी त्या डांबरी कागदाच्या खिडकीखाली थांबायची. डोक्यावर टोपली तशीच. "बोल रे," म्हणायची. आतून हाक यायची. ती खिडकीच्या कट्ट्यावर दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे ठेवून पुढे जायची. डॉक्टरांचा एक डोळा लालभडक झाला. मी घाबरले, तर म्हणाले, माणसाला यापलीकडे काही होत नाही. हा पोपटाने दिलेला दाखला. आरशात तो एकच लाल डोळा दिसायचा तेव्हा मी मान फिरवायची.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी त्यांच्या मागच्या अंगणात धूर दिसला. जांभळाखाली ते काहीतरी जाळत होते, शेजारी चुन्याचं घमेलं. मला वाटलं डासांसाठी कडुनिंब. मला पुष्कळ काही वाटायचं. हाक येतच होती. उलट आता जास्त नेमाने, जानकी थांबली की लगेच. मी ह्यांना म्हटलंही, की बघा, डॉक्टरांनी पोपटाला बरं केलं, पुस्तकात न बसणारी गोष्ट आहे.

एकच मला कळेना. जानकी आता कट्ट्यावर मिरच्या ठेवत नव्हती. सुके बोंबील ठेवायची, कधी बांगडा. पोपट मासे खायला लागला का, असं मी डॉक्टरांना कुंपणावरून विचारलं. ते म्हणाले, "हल्ली खातो सगळं." आणि आरसा पुसू लागले.

मग आमच्या क्वार्टर्स तयार झाल्या. सामान बांधलं, बोईसरला जायचा दिवस उजाडला. निरोप घ्यायला मी डब्यात थालीपिठं घेऊन गेले, मीठ बेताचं. जानकी खिडकीखाली उभी होती. मी तिला हात केला आणि बाजूच्या दाराने आत शिरले. डॉक्टरांना खोकल्याशिवाय कुणाकडे जायचं नसतं हे ठाऊक होतं, मला नव्हतं.

अंधाऱ्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आरसा समोरच्या खिळ्याला टांगलेला. त्यात मला आधी पिंजरा दिसला. घासून, धुऊन, उलटा घालून ठेवला होता. आत काही नव्हतं. दिव्याच्या डब्यातून लाल उजेड येत होता. त्या उजेडात डॉक्टर माझ्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसले होते. आरशात त्यांची मान एका बाजूला कललेली दिसत होती. बाहेरून आवाज आला, "बोल रे." डॉक्टरांचे ओठ उघडले आणि त्यातून एका तरण्या, बुडालेल्या मुलाचा आवाज निघाला.

"आये..."

तेवढ्यात त्यांना मी आरशात दिसले. आवाज तिथेच तुटला. म्हातारा झटकन ताठ झाला, मान सरळ केली, हात मांडीवर ठेवले, अगदी ठणठणीत माणसासारखे. बाहेर जानकी वाट बघत होती. आत आम्ही दोघं आरशातून एकमेकांकडे बघत होतो. त्यांच्याकडून हाक पुरी होईना.

मला एकच गोष्ट आयुष्यात वेळेवर सुचली असेल. मी पाठ फिरवली.

थोडा वेळ गेला. मग माझ्या मागून तो आवाज म्हणाला, "आये, दार उघड."

डबा तिथेच ठेवून मी बाहेर आले. जानकी कट्ट्यावर बोंबील मांडत होती. माझ्या तोंडाकडे तिने एकदा पाहिलं आणि टोपली सारखी केली.

"सुके हायत," ती म्हणाली. "जाता जाता बटाटा घालून कालवन करून दे त्याला, वयनी. त्याच्या हाताला चव नाय."